दोष दाताचा, की घासणाऱ्याचा?

मुलाचे दात पिवळट, खडबडीत दिसले की आपल्या घरांत निकाल लगेच लागतो : ‘नीट घासत नाहीस!’ मग चॉकलेटांचा उद्धार होतो आणि शेवटी बोल आईला लागतो. पुष्कळदा त्यात तथ्य असतेही. पण नेहमीच नाही. आणि हे आपल्याला उंदरांनी नीट समजावून दिले, असे मी म्हटले तर वाचकांनी हसू नये.

दातावरचे एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण ते घडते मऊ प्रथिनांच्या आधाराने. स्लॅब टाकताना सेंट्रिंग बांधतात आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर काढून घेतात, तसेच हे. यातले मुख्य प्रथिन म्हणजे अमेलोजेनिन. ते तयार करणाऱ्या पेशी माणसाचा दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून जातात. म्हणूनच मोडलेले हाड सांधते, पण झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही.

२००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी अमेलोजेनिनचे जनुक निकामी केलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे दात खडूसारखे पांढरे, कवच पातळ आणि विस्कळीत होते. ब्रिटनमध्ये अभ्यासलेल्या दुसऱ्या उंदरांत या प्रथिनाच्या साखळीतला एकच दुवा, ६४वा, बदललेला होता. तेवढ्याने प्रथिन पेशीतच साचू लागले आणि पेशी मरू लागल्या. याच उंदरांपैकी एक प्रत सदोष असलेल्या माद्यांना फेनिलब्युटिरेट हे औषध दिल्यावर एनॅमल सुधारले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात उंदरांना लागू पडले म्हणजे माणसांचे औषध सापडले, असे नव्हे.

याच जनुकातले दोष माणसांतही आढळले आहेत आणि ते घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. अशा मुलाने चारदा ब्रश केला तरी कवच घट्ट होणार नाही. त्याचे दात थंड पाण्याने ठणकतात, कडा तुटतात. वर आपण त्याला आळशी ठरवतो. फोटोत ओठ मिटून उभ्या राहणाऱ्या मुलीची चूक तरी काय?

म्हणून माझे सांगणे एवढेच, की रागावण्याआधी मुलाला दंतवैद्याकडे न्यावे. फ्लोराइड, टोपी किंवा भरण वेळेवर झाले, तर दात बराच वाचतो. आणि जाण्यापूर्वी घरात आणखी कोणाचे दात असे होते का, हे आजीला जरूर विचारून ठेवावे. डॉक्टरांना त्या उत्तराची गरज पडेल.