ते कुटुंब कुठं गेलं?

‘विनोदी सिनेमा आहे, हसा आणि सोडून द्या. त्यातही तुम्हाला जात आणि वंशच दिसतो का?’ हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. होय, दिसतो. कारण तो तिथं असतो. रॉबर्ट झेमेकिसचा ‘बॅक टू द फ्युचर’ भाग दुसरा (१९८९) हे त्याचं नेमकं उदाहरण.

मार्टी हा गोरा मुलगा आणि डॉक हा शास्त्रज्ञ मोटारीचं कालयंत्र घेऊन १९८५ मधून २०१५ मध्ये जातात. तिथं म्हातारा बिफ खेळांच्या निकालांचं पुस्तक मिळवतो, यंत्र चोरून १९५५ गाठतो आणि ते पुस्तक तरुणपणीच्या स्वतःलाच देतो. पन्नास वर्षांचे निकाल आधीच हातात! पैजा जिंकत बिफ सगळं गाव खिशात घालतो. मार्टी परततो तेव्हा त्याचं १९८५ पार बदललेलं असतं.

इथवर सिनेमा मार्मिक आहे. बिफची खरी ताकद मनगटात नाही, पुस्तकात आहे. ज्ञान एकाच्याच कपाटात कुलूपबंद झालं की गावाचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता मार्टीच्या घरात चला. तो खिडकीतून आपल्या खोलीत शिरतो, तर तिथं एक कृष्णवर्णीय कुटुंब राहतंय. मुलगी किंचाळते, बाप बॅट घेऊन धावतो. प्रेक्षक हसतात. पण तो बाप ओरडतोय काय? घरांचे व्यवहार करणाऱ्या कंपनीला सांग, मी घर विकणार नाही, आम्ही दहशतीला बधणार नाही! म्हणजे बिफच्या राज्यात आपलं घर वाचवायला हा माणूस छातीठोकपणे उभा आहे. कॅमेरा मात्र त्याच्यापाशी थांबत नाही. कथेला तो हवाय तो एवढ्याचसाठी, की वस्ती ‘बिघडली’ हे प्रेक्षकाला चटकन कळावं.

ही गंमत कुठून आली? १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउन वसाहतीत पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा घरासमोर गोऱ्यांचा जमाव जमला, दगडफेक झाली. पडद्यावरचं हसू त्याच भीतीतून आलंय. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली गेलेल्या आपल्या पोरांना ही भीती अमेरिकेत जाऊन बघावी लागत नाही.

शेवटी मार्टी ते पुस्तक जाळतो आणि इतिहास ‘रुळावर’ येतो. मग ते कुटुंब कुठं गेलं? कुणी विचारत नाही. पुस्तक आपणही जाळलंय. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, ती जुनी घडी मोडण्यासाठी. मार्टी पुस्तक जाळतो, ते जुनी घडी पुन्हा बसवण्यासाठी. आग दोन्हीकडे आहे, फरक हेतूचा आहे.

आणि ज्या १९५५ मध्ये हे लोक इतक्या मजेत फिरतात, ते वर्ष कुणाचं होतं? त्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलला ठार मारलं गेलं. सप्टेंबरमध्ये गोऱ्या ज्युरीने आरोपींना निर्दोष सोडलं. सिनेमातली नाचाची रात्र १२ नोव्हेंबरची. त्यानंतर १९ दिवसांनी रोझा पार्क्स यांनी मॉन्टगोमेरीत बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्या मोटारीत मार्टीऐवजी एमेटच्या वयाचा कृष्णवर्णीय मुलगा बसवा. विनोद तिथंच संपतो. भूतकाळात सहलीला तोच जाऊ शकतो, ज्याला भूतकाळाने कधी हाकललं नाही.

मित्रांनो, सिनेमा जरूर बघा, पोटभर हसा. पण ‘तो सुवर्णकाळ परत आणू’ असं कुणी पडद्यावरून किंवा व्यासपीठावरून सांगू लागलं, की एकच प्रश्न विचारा: त्या काळात आमचं घर कुठं होतं? गावात, की गावकुसाबाहेर? उत्तर मिळेपर्यंत त्या गाडीत बसू नका. आपला रस्ता पुढचा आहे.

जय भीम!