उत्तर मध्यम वयातील स्थौल्य-शस्त्रक्रिया : वैद्याची भूमिका

सेवानिवृत्तीला एक वर्ष उरलेल्या एक शिक्षिका काही वर्षांपूर्वी माझ्या चिकित्सालयात आल्या. वय ५७, उंची १५२ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. मधुमेह अकरा वर्षांचा, इन्शुलिन सुरू झालेले, गुडघे दुखत, रात्री घोरता घोरता श्वास अडकून जाग येई. मुलाने घरी शस्त्रक्रियेचा विषय काढला होता. "डॉक्टर, या वयात करावी का?" असे त्यांनी विचारले. मी क्षणभरही न थांबता उत्तरलो, "बाई, मेद कापून जात नसतो. पथ्य सांभाळा, औषध घ्या."

मेदोहर गुग्गुळ, त्रिफळा, उद्वर्तन, लेखन बस्ती असा क्रम ठेवला. चार महिन्यांत सात किलो वजन उतरले आणि मला समाधान वाटले. पुढील वर्षभरात ते सारे परत आले. तरीही मी "आणखी थोडे दिवस पाहू" असेच म्हणत राहिलो. तीन वर्षांनी चालताना धाप लागू लागली तेव्हा त्या शल्यचिकित्सकांकडे गेल्या. हृदयाची शक्ती घटली होती, वृक्कांवर परिणाम झाला होता. भूल देण्यातील धोका आता फार वाढला आहे, असे तज्ज्ञांनी सांगितले. शस्त्रक्रिया झाली नाही. बाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. परंतु माझे उत्तर शास्त्राला धरून होते की केवळ माझ्या अभिमानाला, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. व्यवसायबंधूंपुढे तो मांडावा, एवढ्याचसाठी हा लेख.

आपल्या संहितांनी स्थौल्य कधीच किरकोळ मानलेले नाही. अतिस्थूलाची गणना चरकाचार्यांनी अष्टनिंदितांत केली, आयुष्याचा ऱ्हास हा त्याचा पहिला दोष सांगितला आणि कार्श्यापेक्षा स्थौल्य चिकित्सेस अधिक कठीण ठरवले. गुरू व अपतर्पण हे चिकित्सासूत्र आपण सर्वजण जाणतो. पण ते वर्षानुवर्षे पाळणे रुग्णाला किती अवघड जाते, हेही आपण रोज पाहतो. शस्त्रकर्म आपल्या परंपरेस परके आहे, असेही नाही. गुल्म पक्व झाला की तेथे धन्वंतरी संप्रदायाचा अधिकार, हे कायचिकित्सेच्या आद्य ग्रंथानेच नि:संकोचपणे मान्य केले आहे. आपल्या अधिकाराची सीमा ओळखणे हा चिकित्सेचाच भाग होय.

मेद कापून जात नाही, हे माझे विधान तसे खरे होते. पण गैरलागू होते. या शस्त्रक्रियेत मेद कापतच नाहीत. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश वा त्याहून थोडा अधिक भाग काढून अरुंद नळीसारखे जठर शिल्लक ठेवतात. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराचा लहानसा कप्पा करून तो लघ्वंत्राच्या पुढील भागास जोडतात. दोहोंमुळे आहाराची मात्रा तर घटतेच, शिवाय भूक व तृप्ती यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रेरकांतही बदल घडतो. म्हणूनच अनेक रुग्णांचा मधुमेह वजन फारसे उतरण्यापूर्वीच आटोक्यात येऊ लागतो.

स्वीडनमध्ये १९८७ ते २००१ या काळात ३७ ते ६० वर्षे वयाच्या सुमारे चार हजार स्थूल व्यक्तींची नोंद करण्यात आली. त्यांपैकी निम्म्यांनी शस्त्रक्रिया स्वीकारली, उरलेल्यांना नेहमीची चिकित्सा मिळाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सरासरी तीन वर्षांनी अधिक आढळले. तथापि सर्वसामान्य जनतेपेक्षा ते सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. म्हणजे लाभ खरा आहे. पण उशिरा आलेल्याचे सारेच नुकसान भरून निघत नाही.

वयाचे काय? २०२२ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थांनी सुधारलेल्या निकषांत वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही; वर्षांपेक्षा शरीराची जीर्णता व सहव्याधी पाहाव्यात, असे म्हटले आहे. आशियाई व्यक्तींत बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, असेही त्यांत आहे. माझ्या त्या रुग्णेचा बीएमआय ४५ होता! आपल्या दशविध परीक्षेत वय ही दहावी परीक्षा आहे. तिच्याआधी सार, संहनन, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती यांचा विचार सांगितला आहे. मी मात्र ५७ हा आकडा ऐकून उरलेल्या नऊ परीक्षा बाजूला ठेवल्या.

याचा अर्थ प्रत्येक स्थूल रुग्णास शस्त्रक्रियेकडे धाडावे, असा मुळीच नाही. साठीकडे झुकलेल्या देहात वाताचे प्राबल्य वाढू लागते. अशा वेळी झपाट्याने वजन उतरले तर मेदाबरोबर मांस आणि अस्थीही क्षीण होतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत हे विशेष जपावे लागते. पित्ताश्मरीची शक्यता वाढते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व बी-१२ यांची पूर्ती जन्मभर करावी लागते. ज्याला हे नियम पाळण्याइतके सत्त्वबल नाही, ज्याच्या घरी काळजी घेणारे कोणी नाही, त्याने घाई करू नये. ज्याचे स्थौल्य मध्यम आहे, मधुमेह नवा आहे आणि चालण्याफिरण्याची शक्ती शाबूत आहे, तेथे आपल्या चिकित्सेस पूर्ण वाव आहे. तेथेही आरंभीच मुदत ठरवावी. सहा महिन्यांत वजन, कंबरेचा घेर व रक्तशर्करा यांत टिकाऊ फरक पडला नाही, तर तसे रुग्णास स्पष्ट सांगावे. २०२५ पासून मौंजारो, वेगोवी ही इंजेक्शनेही भारतात उपलब्ध आहेत. त्यांविषयीही रुग्ण विचारणारच.

शस्त्रक्रियेनंतर आपले काम संपत नाही. शस्त्रक्रियेला दोन वर्षे झालेले एक गृहस्थ हातापायांना मुंग्या येतात म्हणून माझ्याकडे आले. वातव्याधी समजून तैल-बस्तीची योजना करण्याचा मोह झाला होता. पूर्ववृत्त नीट विचारल्यावर कळले, की गोळ्या त्यांनी वर्षापूर्वीच बंद केल्या होत्या. रक्तात बी-१२ अत्यल्प निघाले. अशा रुग्णाची वारंवार होणारी छर्दी सूतशेखर देऊन थोपवीत बसू नये. थायमिनच्या अभावाने मज्जासंस्थेस कायमची इजा होऊ शकते, म्हणून त्यास तत्काळ शल्यचिकित्सकांकडे पाठवावे. निर्जळी उपवास सांगू नयेत. साखर-गुळाचे अवलेह व आसव-अरिष्टे देताना विचार करावा, कारण अशा जठरातून साखर व मद्यांश वेगाने पुढे जातात. शस्त्रक्रियेपूर्वी आपण देत असलेल्या प्रत्येक औषधाची लेखी यादी रुग्णाच्या हाती द्यावी आणि ती केव्हा थांबवायची हे शल्यचिकित्सकांशी बोलून ठरवावे.

औषधी विक्रेते बंधूंनाही एक विनंती आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. महिन्यात दहा किलो वजन उतरविण्याची हमी देणारा फलक दुकानात लावणे हा केवळ अतिशयोक्तीचा दोष नव्हे, तो कायद्याचा भंग आहे. शिवाय त्या फलकावर विसंबून रुग्ण जी दोन-तीन वर्षे घालवतो, ती पन्नाशीनंतर परत मिळत नाहीत. मधुमेही, धाप लागणारा किंवा झोपेत श्वास अडकणारा ग्राहक मेदोहर गोळ्या मागू लागला, तर त्यास आधी वैद्याकडे पाठवावे.

"या वयात करावी का?" हा प्रश्न घेऊन उद्याही कोणी आपल्याकडे येईल. रुग्ण तो आपल्याला विचारतो, कारण त्याचा आपल्यावर विश्वास असतो. दहाही परीक्षा करून, आपल्या चिकित्सेची शक्ती आणि मर्यादा दोन्ही सांगून आणि गरज असेल तेथे वेळेत चिठ्ठी लिहून त्याला उत्तर द्यावे. त्या बाईंना मी ती चिठ्ठी पहिल्याच वर्षी द्यायला हवी होती.