मोबाइलचा जमाखर्च



रोवणीला किती बाया लागल्या, बांधीत खताची किती पोती गेली, धान भरडल्यावर किती तांदूळ पडला, हा हिशोब आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरी तोंडपाठ असतो. पण काल दिवसभरात मोबाइल किती तास हातात होता, असे विचारले, तर "असेल थोडा वेळ" एवढेच उत्तर मिळते.

हा हिशोब मोबाइल स्वतःच मांडून ठेवतो. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'सेटिंग्ज' उघडून 'डिजिटल वेलबीइंग' या नावावर बोट ठेवावे. आज किती तास गेले, त्यातले व्हिडिओत किती, गप्पांत किती, सारे तेथे दिसते. बाजारभाव, हवामान, आजाऱ्याची विचारपूस यांत गेलेला वेळ कामाचाच. उरलेला वेगळा काढून पाहा. रोजचे ३ तास वाया गेले, तर महिन्याचे ९० तास होतात. आठ तासांचा रोज धरला, तर ११ दिवसांची मजुरी बुडाली म्हणायची!

मुलांवर ओरडण्याआधी मोठ्यांनी आपला आकडा पाहावा. बाप जेवतानाही मोबाइल खाली ठेवत नसेल, तर पोराने पुस्तक उघडावे तरी कसे?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हेच ओळखले. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली. पुढे शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवले, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद, ८.३० पर्यंत मुलांचा अभ्यास, मोठ्यांचे वाचन नाहीतर बोलणे. नियम लहानथोर सर्वांना सारखाच. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीची माणसे घरोघर फिरून आठवण देत.

आपल्या घरात भोंग्याची वाट कशाला पाहायची? दिवेलागणीला सर्वांचे मोबाइल एका कोनाड्यात ठेवावेत. आवाज मोठा ठेवला म्हणजे निकडीचा फोन चुकत नाही. रात्री निजताना प्रत्येकाने आपला आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा, घरधन्याने सर्वांत आधी. आठ दिवसांनी सारे आकडे एकत्र बसून वाचा. कोणाचा वेळ कोठे गळतो, ते लेकरेच तुम्हांला दाखवतील.