कुत्र्याची भीति व तिचा उलगडा

भंडाऱ्यानजीकच्या शहापुराहून एका वाचकभगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांच्या घरचा पांच वर्षांचा कुत्रा पूर्वीं अगदीं निर्धास्त असे. परंतु २४ जानेवारी २०२५ रोजीं जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्फोट झाला, तेव्हांपासून त्याची वृत्ति पार पालटली आहे. दाराची कडी वाजली तरी तो खाटेखालीं शिरतो. ताट पडलें कीं थरथर कांपूं लागतो. आणि घरांत कोणी नसलें म्हणजे पुढचा पाय चाटून चाटून लाल करतो. वडील मंडळी म्हणतात, हें सारें सोंग आहे, चार छड्या द्या. मुलें गंमत पाहण्याकरितां मुद्दाम ताट आपटतात. आणि आतां तर त्यास वैनगंगेपलीकडे सोडून यावें असें घरांत घाटत आहे. भगिनींचा प्रश्न एवढाच कीं, हें खरोखर सोंग आहे काय?

त्या स्फोटांत कित्येक कामगार प्राणांस मुकले. त्यांच्या घरांवर कोसळलेल्या दुःखापुढें एका मुक्या प्राण्याच्या कंपाची कथा ती काय, असें कोणी म्हणेल. व तें यथार्थच होय. परंतु त्या आवाजाचें कारण आपणांस थोड्याच वेळांत कळलें. कुत्र्यास तें कधींच कळलें नाहीं व कळणारहि नाहीं. या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे.

वेदान्तांतील रज्जुसर्पाचा दृष्टान्त वाचकांस परिचित आहेच. अंधारांत दोरी पाहून मनुष्य सर्पाच्या भयानें दचकतो. दिवा आणतांच सर्प नाहींसा होतो. मनुष्याच्या निराधार भीतीवर ज्ञानाचा हा दिवा पुष्कळदां गुणकारी ठरतो. कुत्र्यापुढें तो धरतां येत नाहीं. डार्विन यानें १८७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या मनुष्याच्या उत्पत्तीविषयींच्या ग्रंथांत आपल्याच कुत्र्याची एक गोष्ट नमूद केली आहे. कुत्रा हिरवळीवर स्वस्थ पडला होता व कांहीं अंतरावर एक उघडी छत्री होती. वाऱ्याच्या झुळुकेनें ती हलली कीं तो प्रत्येक वेळीं गुरगुरे व भुंके. जवळ कोणी माणूस उभा असता तर त्यानें तिकडे लक्षहि दिलें नसतें. हलविणारा दिसत नाहीं, त्या अर्थीं कोणी अदृश्य परका तेथें असावा, अशी त्याची समजूत झाली असेल, असा डार्विनचा तर्क होता. आपणांस जी भीति निष्कारण वाटते, ती कुत्र्याच्या दृष्टीनें अशी सकारण असते.

शिवाय त्याचे कान आपल्या कानांहून पुष्कळ तीक्ष्ण. मनुष्यास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. कुत्र्यास सुमारें ४५,००० पर्यंतचा. तेव्हां आपल्या लेखीं शांत असलेलें घर त्याच्या लेखीं तितकें शांत नसतें.

परंतु स्फोटाची भीति ताटास कां चिकटावी? याचें उत्तर रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या अनुभवांत सांपडतें. सप्टेंबर १९२४ मध्यें लेनिनग्राड येथें नेवा नदीस महापूर आला आणि त्यांच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या कोठड्यांत पाणी शिरलें. कुत्र्यांस मोठ्या कष्टानें बाहेर काढण्यांत आलें. त्यांपैकीं कांहींच्या अंगवळणीं पडलेल्या संवयी या धक्क्यानें नष्ट झाल्या. पुढें एक कुत्रा पूर्ववत् झाला असें वाटत असतां, त्याच्या खोलींत दाराखालून थोडेसें पाणी सोडतांच तो पुनः बेचैन झाला. दुधानें तोंड पोळलें म्हणजे ताकहि फुंकून पितात, ही आपली म्हण येथें अक्षरशः लागू पडते. मूळ धक्का मोठा. परंतु त्याची आठवण क्षुल्लक खुणेनेंहि जागी होते. सर्वच कुत्रे सारखे भित्रे होत नाहींत हेंहि खरें. आनुवंशिक स्वभाव निरनिराळा असतो. आणि जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत ज्या पिल्लास माणसें, आवाज व नवे पदार्थ यांचा परिचय घडत नाहीं, तें पुढें बहुधा बुजरें राहतें.

तात्पर्य, हें सोंग नव्हे. शेंपूट पायांत घालणें, वारंवार जांभया देणें, ओठ चाटणें, येरझारा घालणें, या सर्व त्याच्या अस्वस्थतेच्या खुणा होत. छडीनें भीति जात नाहीं. उलट आवाजाच्या भीतींत धन्याच्या भीतीची भर पडते, आणि कोपऱ्यांत सांपडलेला भ्यालेला कुत्रा चावण्याचा संभव अधिक. त्यास जवळ घेतल्यानें तो लाडावून अधिक भित्रा होतो ही समजूतहि चुकीची आहे. भीति ही मनाची अवस्था आहे, खाऊ मिळविण्याची युक्ति नव्हे. तो आपण होऊन जवळ आला तर त्याच्या पाठीवरून खुशाल हात फिरवावा. खाटेखालीं बसला तर ओढून काढूं नये.

आतां उपाय. १९२४ सालींच अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें सशास भिणाऱ्या एका सुमारें तीन वर्षांच्या मुलाची भीति घालविली. मूल आवडीचें खाणें खात असतां पिंजऱ्यांतील ससा दूर ठेवावयाचा व हळूहळू जवळ आणावयाचा, असा तो क्रम होता. अखेरीस तें मूल सशास कुरवाळूं लागलें. कुत्र्यासहि हीच रीति मानवते. आणि आमची सूचना अशी कीं, ताट आपटणाऱ्या मुलांवरच हें काम सोंपवावें. एकानें परसांत दूर उभें राहून वाटीवर चमचा अगदीं हलकेच वाजवावा. दुसऱ्यानें त्याच क्षणीं कुत्र्यास आवडता घास द्यावा. त्यानें घास निःशंकपणें खाल्ला तरच दुसऱ्या दिवशीं एक पाऊल पुढें यावें. त्यानें खाणें थांबविलें तर आपण घाई केली असें समजून मागें जावें. हा क्रम कित्येक आठवडे चालवावा लागेल. त्या अवधींत एरवीं ताट वाजूं देऊं नये, आणि कुत्र्यास फार वेळ एकटा ठेवूं नये.

तत्पूर्वीं पशुवैद्यास दाखविणें मात्र अवश्य. पाय चाटण्यामागें त्वचेचा विकार किंवा सांध्याचें दुखणें असूं शकतें, आणि दुखण्यानें भीति वाढते. भीति अतिशय असल्यास ते औषधहि देतात. माणसांचें औषध आपल्या मनानें कदापि देऊं नये. कोणत्याहि कुत्र्याची वृत्ति एकाएकीं पालटली, लाळ गळूं लागली, गिळतां येईनासें झालें, तर पिसाळल्याचा संशय धरून त्यास हात न लावतां तत्काळ पशुवैद्यास कळवावें. प्रतिबंधक लस वेळचे वेळीं टोंचून घेणें हें तर प्रत्येक धन्याचें कर्तव्यच आहे.

दिवाळींत विशेष जपावें. संध्याकाळ होण्यापूर्वींच त्यास फिरवून आणावें. नंतर माजघरांत, खिडक्या लावून, त्याच्या नेहमींच्या अंथरुणावर ठेवावें. गळपट्ट्यावर आपला दूरध्वनिक्रमांक असावा. फटाक्यानें बिथरलेला कुत्रा दिशा न पाहतां धांवतो, आणि शहापुराजवळून तर राष्ट्रीय महामार्ग जातो.

राहिला वैनगंगेपलीकडे सोडण्याचा विचार. कडीच्या आवाजानें कांपणारा जीव परक्या कुत्र्यांच्या टोळींत व मोटारींच्या गर्दींत किती दिवस निभावेल? अन्नपाण्यावांचून हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यान्वयें अपराधहि आहे. परंतु वडील मंडळींस कायदा दाखविण्यापेक्षां महाभारतांतील महाप्रस्थानिकपर्वाची आठवण द्यावी, हें बरें. कुत्र्यास टाकून स्वर्गांत चल, असें इंद्रानें म्हटलें असतां युधिष्ठिरानें तें नाकारलें. आणि ज्यांचा आपण कधींहि त्याग करीत नाहीं असें त्यानें सांगितलें, त्यांत भक्ताबरोबर भ्यालेलाहि गणला आहे.