भोंगा वाजल्यावर कोणी काय करावयाचे?

२२ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीत स्फोट झाला. कामगारांना प्राण गमवावे लागले, कित्येक जखमी झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २४ जानेवारी २०२५ रोजी, भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटाने किमान आठ कामगारांचा बळी घेतला. एक कारखाना मध्य प्रदेशातील, दुसरा महाराष्ट्रातील. परंतु १ ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या एकाच सरकारी कंपनीच्या छत्राखाली आहेत. दोन्ही ठिकाणी पुढचा क्रम ठराविकच होता. शोकसंदेश निघाले, नुकसानभरपाई जाहीर झाली, चौकशीची घोषणा झाली.

स्फोट का झाला, हा प्रश्न चौकशीने विचारलाच पाहिजे. परंतु त्याच्याच बरोबरीचा दुसरा एक प्रश्न आपल्या देशात क्वचितच विचारला जातो. स्फोटानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय केले? आणि कोणी काय करावे, हे आधी ठरलेले होते काय? भोंगा कोणी वाजवावयाचा, यंत्रे कोणी बंद करावयाची, आत किती माणसे होती हे कोणी सांगावयाचे, अग्निशमन दलाला कोणत्या दाराने न्यावयाचे, इस्पितळाला कोणी कळवावयाचे? या प्रश्नांची उत्तरे संकट कोसळल्यावर शोधावयाची नसतात. ती आधी ठरवून, माणसांच्या नावानिशी लिहून आणि पुन्हा पुन्हा तालीम करून अंगवळणी पाडावयाची असतात. धोकादायक कारखान्यात संकटकाळासाठी कामाची वाटणी करणे हे यंत्राची देखभाल करण्याइतकेच उत्पादनाचे अंग आहे.

ही वाटणी नसली म्हणजे काय घडते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टायकिन' या जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या हजारो गाठी. दुपारी दोनच्या सुमारास आगीचा धूर दिसला. पहिला स्फोट झाला तो चार वाजून सहा मिनिटांनी. मधले दोन तास हाताशी होते. त्या वेळात जहाजाचे अधिकारी, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दल आणि स्फोटकांचे जाणकार असे सारेच तेथे जमले होते. जहाज बुडवावे, बाहेर समुद्रात न्यावे की जागीच आग विझवावी, यावर मते पडत राहिली. निर्णायक हुकूम देण्याचा अधिकार कोणा एकाकडे नव्हता. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावावयाचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. शेकडो माणसे मेली, गोदीलगतच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या जवानांच्या शौर्यात तिळमात्र उणीव नव्हती. उणीव होती ती व्यवस्थेत.

या घटनेतून निघणारा पहिला नियम साधा आहे. संकटाच्या वेळी घटनास्थळी हुकूम एकाचाच चालला पाहिजे आणि तो कोणाचा, हे आत काम करणाऱ्या शेवटच्या हमालालाही ठाऊक असले पाहिजे. आराखड्यात 'मुख्य नियंत्रक' म्हणून कारखान्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे नाव असते. परंतु रात्री दोन वाजता तो आपल्या बंगल्यात असतो. तो येऊन पोचेपर्यंत हुकूम देण्याचा, यंत्रे थांबविण्याचा आणि भोंगा वाजविण्याचा संपूर्ण अधिकार हजर असलेल्या पाळीप्रमुखाकडेच असला पाहिजे. उत्पादन थांबविल्याबद्दल उद्या आपल्याला जाब विचारला जाईल, अशी धास्ती ज्याच्या मनात आहे, तो पाळीप्रमुख आज भोंग्याची कळ दाबणार नाही.

दुसरा धडा भोपाळचा. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेले. शीतकरण यंत्रणा कित्येक महिने बंद होती, वायू जाळण्याच्या मनोऱ्याची नळी काढून ठेवलेली होती, वायुशोधक यंत्रणा त्या महापुरापुढे निरुपयोगी ठरली. हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु यंत्रांच्या या यादीशेजारी माणसांची यादी ठेवून पाहिली पाहिजे. खर्चकपातीच्या नावाखाली त्या विभागातील प्रत्येक पाळीचे कामगार बारावरून सहावर आणले गेले होते. रात्रपाळीवरील देखभाल पर्यवेक्षकाचे पद दुर्घटनेपूर्वी काही दिवसच आधी रद्द झाले होते. कागदावरील आराखड्यात ज्या माणसाने धावून जावयाचे, तो माणूसच पाळीवर उरला नव्हता. मनुष्यबळातील कपात ही केवळ वेतनाची वा नोकरीची बाब नसते, हे भोपाळने दाखवून दिले. कमी केलेल्या प्रत्येक पदाबरोबर संकटकाळातील एक कामगिरीही नाहीशी होते, आणि तिची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

त्या रात्री लोकांना सावध करणारा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद करण्यात आला. तो पुन्हा जोराने वाजला तेव्हा दोनच्या सुमाराची वेळ झाली होती. कारखान्यातील कामगारांना वाऱ्याची दिशा पाहून उलट बाजूला जावे हे माहीत होते. त्यांतील बहुतेक वाचले. भिंतीपलीकडच्या जयप्रकाश नगरातील माणसांना ते कोणी शिकविलेच नव्हते. ती वायूच्याच दिशेने धावली. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी सूचनाही त्यांच्यापर्यंत पोचली नाही. इस्पितळातील डॉक्टर शर्थ करीत होते, परंतु कोणता वायू आहे आणि त्यावर उपचार काय, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. रेल्वे स्थानकावर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता गोरखपूरकडे जाणारी गाडी वेळेआधी सोडली आणि असंख्य प्रवाशांचे प्राण वाचविले. त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु ज्या शहराचा जीव एका अधिकाऱ्याच्या वैयक्तिक धैर्यावर अवलंबून राहतो, त्या शहराला आराखडा नव्हता, हाच त्याचा अर्थ.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घालण्यात आले. मालकाने संकटकालीन आराखडा तयार करावा, धोक्याची माहिती कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला द्यावी, सुरक्षा समितीत कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत आणि धोका दिसताच तसे बजावण्याचा हक्क कामगाराला असावा, अशा तरतुदी त्यात आल्या. १९८९ च्या धोकादायक रसायनांविषयीच्या नियमांनी कारखान्याच्या आतील आराखड्याची जबाबदारी मालकावर आणि बाहेरील आराखड्याची जबाबदारी शासकीय यंत्रणेवर टाकली. आतील आराखड्यात महत्त्वाच्या व्यक्तींची नावे आणि प्रत्येकाची कामगिरी लिहिणे बंधनकारक झाले. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकट निवारण गट स्थापन करण्यास सांगितले.

हे कायदे कोणाच्या कृपेने मिळालेले नाहीत. त्यांच्यामागे भोपाळचे हजारो मृत आहेत. म्हणूनच त्यांचे पुढे काय होते, यावर आपली करडी नजर हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समिती स्थापन करणे हे जुन्या कायद्याने मालकावर थेट टाकलेले बंधन होते. नव्या संहितेत ती समिती शासनाने तसा आदेश काढल्यावर अस्तित्वात यावयाची आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगारांपासून सुरू होते. मग ज्या छोट्या रासायनिक कारखान्यांत पन्नास-साठ माणसे राबतात, तेथे कोणी काय करावयाचे हे कोण ठरविणार? २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटाने दहाहून अधिक माणसे मारली आणि शेजारच्या कारखान्यांचीही मोडतोड केली. मृतांची ओळख पटविण्यासाठी नातलगांना डीएनए चाचणीची वाट पाहावी लागली. धोका पटावरील कामगारांची संख्या मोजून येत नाही.

यावर व्यवस्थापनाची ठरलेली उत्तरे असतात. आराखडा तयार आहे, फाइलमध्ये आहे, निरीक्षकाने पाहिलेला आहे, असे सांगितले जाते. परंतु जो आराखडा इंग्रजीत लिहिलेला आहे आणि सुरक्षा अधिकाऱ्याच्या कपाटात कुलूपबंद आहे, तो आगीच्या वेळी कोणाच्या कामाचा? रंगीत तालीमही बहुधा दिवसपाळीला, पूर्वसूचना देऊन, पाहुण्यांसमक्ष होते. रात्रपाळीची आणि कंत्राटी कामगारांची तालीम होत नाही. ठेकेदाराने काल आणलेला मजूर आज सर्वांत धोक्याच्या जागी उभा असतो. जमण्याची जागा कोणती, हे त्याला कोणी दाखविलेले नसते, आणि त्याचे नाव मुख्य हजेरीपटावरही नसते. मोजणीत जो धरलेला नाही, त्याला ढिगाऱ्याखाली शोधावयास कोण जाणार?

संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांत गोपनीयतेचे कारण पुढे केले जाते. तोफगोळ्याची घडण गुप्त असेल. तो भरणाऱ्या कामगाराची बाहेर पडण्याची वाट गुप्त असू शकत नाही.

शेवटी 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे कारण असतेच. शिस्त कामगारानेही पाळली पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे. परंतु ज्याला त्याची कामगिरी कधी नेमून दिलीच नाही, तिचे शिक्षण दिले नाही, त्याने ती चुकविली असे म्हणता येत नाही.

मग कारखान्यातील आपल्या साथींनी काय करावे? सर्वप्रथम आराखड्याची प्रत मागावी, कामगारांच्या भाषेत मागावी आणि ती प्रत्येक विभागात लावून घ्यावी. प्रत्येक पाळीसाठी स्वतंत्र नावांचा तक्ता असावा: हुकूम देणारा, यंत्रे सुरक्षितपणे थांबविणारा, भोंगा व दूरध्वनी सांभाळणारा, आग विझविणारे, जखमींना उचलणारे, दाराशी थांबून मदतपथकाला वाट दाखविणारा आणि जमण्याच्या जागी माणसे मोजणारा. प्रत्येक नावापुढे बदली माणसाचे नाव असावे, कारण रजा आणि आजारपण संकटाला विचारून येत नाही. जो बचावपथकात आहे, त्याच्या मापाचा मुखवटा व श्वसनयंत्र हाताशी असल्याखेरीज त्याने आत जाऊ नये. एकाला काढावयास गेलेले दोघे गमावणे हे शौर्य नव्हे. कंत्राटी कामगाराची मोजणी कायम कामगाराबरोबर एकाच हजेरीपटावर व्हावी. पद रद्द करण्याचा प्रस्ताव येताच त्या पदाकडील संकटकालीन कामगिरी कोणाकडे जाणार, हे लेखी विचारावे. आणि तालीम रात्रपाळीला, सूचना न देता व्हावी; तिच्यात आढळलेल्या उणिवा सुरक्षा समितीच्या नोंदवहीत लिहिल्या जाव्यात.

हे काम कुंपणाशी थांबत नाही. जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे तहसिलीचे गाव शेतीवर जगणारे. तेथील शेतकऱ्याला खमरियाचा भोंगा ऐकू येत नाही आणि कारखान्यातील संकट हा आपला विषय आहे, असेही त्याला वाटत नसेल. परंतु जिल्हा प्रशासन एकच आहे. मोठ्या संकटात इस्पितळे, रुग्णवाहिका, पोलीस व महसुली यंत्रणा ही साऱ्या जिल्ह्याचीच कामाला लागते. म्हणून मझौलीच्या आरोग्य केंद्राने आणि तहसील कचेरीने काय करावयाचे आहे, हे विचारण्याचा हक्क तेथील किसान कार्यकर्त्यालाही आहे. जिल्हा संकट निवारण गटाची बैठक पंचेचाळीस दिवसांतून एकदा व्हावी, असे नियम सांगतो. आपल्या जिल्ह्यात ती शेवटची केव्हा झाली, हे प्रत्येक शाखेने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावे.

वेतनाची आणि बोनसची मागणी कामगार कधी विसरत नाही, आणि ते योग्यच आहे. त्या मागणीपत्रकात या तक्त्यालाही स्थान मिळाले पाहिजे. कारण त्यावरील प्रत्येक नावामागे एक घर आहे, आणि पाळी संपल्यावर त्या घरी माणूस परत जाणे ही त्या घराची पहिली मागणी आहे. येत्या महिन्यात ज्या ज्या धोकादायक कारखान्यात आपले साथी आहेत, तेथे गेट मीटिंग घेऊन एकच प्रश्न सर्वांसमोर ठेवावा: आज रात्री भोंगा वाजला तर माझे काम कोणते? ज्या कारखान्यात या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तेथील लढ्याची सुरुवात तेथूनच करावी.