गाढव अडेल नसतं, भ्यालेलं असतं



"चार दांडके हाणा, सरळ होईल." वीटभट्टीवरून सोडवून आणलेल्या गाढविणीबद्दल मला गावात मिळालेला हा सल्ला. अहो, दांडक्यानं सरळ होणारी असती तर भट्टीवरच झाली नसती का?

घोडं भ्यालं की बहुधा उधळतं. गाढव भ्यालं की बऱ्याचदा जागच्या जागी थिजतं. त्याला आपण अडेलपणा म्हणतो आन् वर आणखी मारतो. मग गाढव कोण?

मी रोज कडबा टाकून तिच्याकडं पाठ करून नुसता बसायचो. हात लावला नाही, दावं ओढलं नाही. मधे खूर बघायच्या घाईत चौघांनी धरून पाडली. तीन आठवड्यांची कमाई एका दिवसात गेली. चूक माझीच. पुन्हा पहिल्यापासून. दीड महिन्यानं तिनं आपणहून येऊन खांदा हुंगला. आता उभ्याउभ्या खूर उचलू देते.

२०१२ च्या पशुगणनेत देशात ३ लाखांवर गाढवं होती, २०१९ ला सव्वा लाखही नाहीत. उरलीत त्यांना तरी दांडका नको. एकटं बांधू नका, सोबत द्या. आणि घाई आपली असते, जनावराची नसते, एवढं ध्यानात ठेवा.