उकाडा आणि हेल्मेट

मे महिन्यात कामशेतहून वडिवळ्याला जाताना हेल्मेट आरशाला अडकवलेले मोटारसायकलस्वार हटकून दिसतात. "फार उकडतं हो, सर!" तक्रार खरी आहे, उपाय मात्र घातक. मित्रांनो, १० मीटर उंचीवरून सोडलेला दगड ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्याच वेगाने डोके आपटले तर? हेल्मेटमधला थर्मोकोल स्वतः चेपून आघात सौम्य करतो.

उकाड्यावरचा इलाज घामातच आहे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेतो. म्हणून कोपर-खांद्यांना गाद्या असलेले जाळीदार जाकीट घ्यावे, आत ओला सुती सदरा घालावा. माठाचेच हे तत्त्व! खंडाळ्याचा घाट उतरून कोकणात गेलात, की दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते. तिकडे जायचे तर मी पहाटेच निघतो.